अस्सल, नक्कल आणि रुजवात : अजिंठ्यातील हेरिंगहॅमबाई

आमची उमेदीची वर्षे महसूल खात्यात गेली आणि त्यांतील पुष्कळशी दप्तरखान्याच्या सावलीत. तालुका कचेरीच्या त्या काळोख्या खोलीत लाल फडक्यांत बांधलेले रुमाल ओळीने मांडलेले असत. निजामी अमदानीतील उर्दू कागद, मधूनच एखादा मोडीतला, आणि राज्य पुनर्रचनेनंतरचे कन्नड. कोणी शेतकरी अर्ज घेऊन येई. मग कारकून अस्सल कागद समोर ठेवून त्याची नक्कल उतरवी आणि दुसरा कोणी ती अस्सलाशी अक्षर न् अक्षर ताडून पाही. या ताडून पाहण्याला रुजवात म्हणतात. नक्कल करणारा आणि रुजवात घेणारा अशा दोघांच्या सह्या तळाशी पडल्या, शिक्का उमटला, म्हणजे त्या कागदाला अस्सलाची किंमत येई. पुढे कधी वाळवीने वा पावसाने मूळ कागद गिळला, तर न्यायासनापुढे ती नक्कलच साक्षीला उभी राही.

बोलण्यात मात्र 'नक्कल' या शब्दाला आपण फारसा मान देत नाही. नकल्या म्हणजे थट्टेखोर, नकली म्हणजे खोटे. पोथ्या उतरविणाऱ्या आपल्या पूर्वजांना या अवहेलनेची जाणीव असावी. म्हणूनच पोथीच्या अखेरीस ते नम्रपणे सांगत की, समोर जसे होते तसे उतरविले आहे, काही चुकले असेल तर वाचकाने सांभाळून घ्यावे. सीमाभागातील आपल्या घराघरांतून अशी बाडे आजही निघतात. ती कोणी लिहिली, हे मात्र बहुधा सांगता येत नाही. अस्सलाचा कर्ता लक्षात राहतो, नकलेचा विसरला जातो.

अशाच एका विसरल्या गेलेल्या नकलकार बाईंची हकीकत आज वाचकांपुढे मांडावयाची आहे. त्या इंग्लंडच्या, आणि त्यांचे कार्यक्षेत्र आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातील अजिंठा. त्यांचे नाव क्रिस्तियाना हेरिंगहॅम.

अजिंठ्याच्या नकलांचा इतिहास हा एका अर्थी आगींचा आणि अपघातांचा इतिहास आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली आणि बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता लागला. त्यानंतरच्या काही दशकांत चित्रांची जी हानी झाली, ती आधीच्या शतकांहून भयंकर होती. धुनी पेटविणाऱ्या बैराग्यांचा धूर, वटवाघळांची विष्ठा आणि पावसाची ओल हे जुने शत्रू होतेच. त्यांत आता हौशी प्रवाशांची भर पडली. मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड यांनी तर संग्रहालयासाठी म्हणून चित्रांतील मस्तके भिंतीवरून सोलून काढली आणि त्यांचा चुरा झाला. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या नकला करण्यास नेमले, ते या पार्श्वभूमीवर. गिल यांनी जवळजवळ दोन दशके खपून भव्य तैलचित्रे तयार केली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरात त्या वास्तूला आग लागली आणि तेथे असलेली बहुतेक सर्व चित्रे भस्मसात झाली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास जाऊ लागले. त्यांनी १८८५ पर्यंत पुन्हा सर्व आरंभापासून केले. त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे आग लागून त्यांतीलही पुष्कळ चित्रे नष्ट झाली. उरलेल्या सामग्रीवरून ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे खंड १८९६-९७ मध्ये निघाले, एवढीच जमेची बाजू. चित्रे ठळक दिसावीत म्हणून भिंतींवर वार्निश फासले गेले, तेही कालांतराने पिवळे पडून मूळ रंगांवर बुरख्यासारखे बसले.

यांतील गिल यांचे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. अजिंठा गावात त्यांच्या पारूची १८५६ सालची कबर आहे, आणि कवी ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्याने ती प्रेमकथा घरोघरी पोचविली. प्रेमकथा लोकांच्या स्मरणात टिकते. हेरिंगहॅमबाईंच्या हकीकतीत प्रेमकथा नाही. तेथे आहे ती एका प्रौढ स्त्रीची चिकाटी आणि तिने मोजलेली किंमत.

क्रिस्तियाना यांचा जन्म १८५२ चा, केंट परगण्यातला. वडील थॉमस वाइल्ड पॉवेल हे शेअरबाजारातील संपन्न गृहस्थ आणि कलांचे आश्रयदाते. १८८० मध्ये त्यांचा विवाह विल्मट हेरिंगहॅम या डॉक्टरांशी झाला. इटलीतील जुन्या चित्रकारांच्या, विशेषतः बोत्तिचेल्लीच्या काळातील चित्रांच्या नकला करण्यात बाईंचा हातखंडा होता. पण केवळ वरवरचे साम्य साधून त्यांचे समाधान होत नसे. जुन्या कारागिराने रंग कसा घोटला, कशात कालविला, भिंत वा फळी कशी तयार केली, हे जाणून घेतल्याशिवाय नक्कल पुरी होत नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी त्या मूळ ग्रंथापर्यंत गेल्या. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने चित्रकारागिरीची एक पोथी लिहून ठेवली होती. तिचे इंग्रजी भाषांतर बाईंनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केले. नुसते भाषांतर करून त्या थांबल्या नाहीत. अंड्याच्या पिवळ्या बलकात रंग कालवून चित्र काढण्याची 'टेंपेरा' ही रीत तैलरंगांच्या प्रसारामुळे मागे पडली होती. ग्रंथातील कृती स्वतः करून पाहून त्यांनी ती पडताळली. याच रीतीच्या पुनरुज्जीवनासाठी १९०१ मध्ये लंडनला चित्रकारांची एक संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत त्या होत्या.

पुढचे त्यांचे काम याहून मोठे. इंग्लंडमधील उत्तमोत्तम चित्रे परदेशी धनिकांच्या हाती जात होती. ती राष्ट्रासाठी विकत घेता यावीत म्हणून लोकवर्गणीतून एक निधी उभारावा, ही कल्पना त्यांनी उचलून धरली आणि पदरचे पैसेही घातले. १९०३ मध्ये राष्ट्रीय कलासंग्रह निधी स्थापन झाला तो यातूनच. १९०६ मध्ये वेलास्केथचे जगप्रसिद्ध व्हीनसचे चित्र या निधीने इंग्लंडसाठी राखले. संस्था नावारूपाला आली तशी मानाची आसने उमराव आणि विद्वान मंडळींनी भरून गेली आणि मूळ बीज पेरणारी बाई हळूहळू कडेला सरली. बिनगाजावाजाचे काम करणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला हे आपल्याकडेही येते. मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रियांच्या चळवळीस त्यांचा पाठिंबा होता, हे ओघानेच आले.

अशी तयारीची नजर घेऊन त्या १९०६ मध्ये प्रथम हिंदुस्थानात आल्या आणि अजिंठा पाहून गेल्या. आपल्या आधीच्या नकला कशा जळाल्या हे त्यांना ठाऊक होते. भिंतीवरचे अस्सल दिवसेंदिवस झडत आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुन्हा एकदा नक्कल झाली पाहिजे, आणि ती तंत्र जाणणाऱ्या हाताने झाली पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे त्यांनी या कामी घातले. पहिल्या हिवाळ्यात त्यांचे सत्तावन्नावे वर्ष पुरे झाले. आमच्या नोकरीतील बराच काळ कर्नाटकात निवृत्तीचे वय अठ्ठावन्न होते, ते २००८ मध्ये साठ झाले. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस कोणत्या कागदांची जुळवाजुळव करीत असतो, हे आम्ही स्वानुभवाने जाणतो. त्या वयात ही बाई सातासमुद्रापलीकडे येऊन वाघोरा नदीच्या घळीत कामाला बसली.

अजिंठा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती जागा डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. घोड्याच्या नालासारखे वळण घेतलेला काळा कडा, त्यात कोरलेली तीस लेणी. रेल्वे खानदेशात आणि लेणी निजामाच्या मुलखात, त्यामुळे जळगावाकडून येणाऱ्याला पुढे सुमारे साठ किलोमीटरची मजल. जवळचे गाव फर्दापूर. आज तेथे पर्यटकांच्या गाड्या अव्याहत धावतात. शंभर वर्षांपूर्वी राहुट्या ठोकून राहावे लागे. चित्रे मुख्यतः पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यांत. आत उजेड येतो तो दारातून, आणि तोही दिवसाच्या ठराविक प्रहरीच. बाकी वेळ दिवट्यांवर भिस्त. वर वटवाघळे, त्यांची कुबट दुर्गंधी, आणि छताजवळच्या आकृती गाठण्यासाठी बांधलेल्या मचाणी. भिंतीवर पातळ कागद धरून रेषा उतरवून घ्यायची, मग ती मोठ्या कागदावर चढवून मूळ चित्रासमोर बसून रंग भरायचे, असा क्रम.

या कामाचे खरे फळ नुसत्या चित्रांत नाही, त्या चित्रांखाली काय आहे याच्या आकलनात आहे. अजिंठ्याच्या चित्रांना इंग्रजीत सर्रास 'फ्रेस्को' म्हणतात, बाईंच्या पुस्तकाच्या नावातही तोच शब्द आहे. पण फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर रंग देऊन त्याच्यासह वाळू देणे. अजिंठ्यात तसे नाही. तेथे खडकावर माती, भाताचा तूस, वनस्पतींचे धागे यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालविलेले रंग. म्हणजे रीत टेंपेऱ्याच्या जवळची. चित्र चढत कसे गेले, याचा क्रम बाईंनी झडलेल्या जागा निरखून मांडला. आधी पांढऱ्या गिलाव्यावर गेरूसारख्या तांबड्या रंगाने काढलेली धीट रेषा, आणि काही ठिकाणी आता तीच तेवढी उरलेली. तिच्यावर हिरव्या मातीचा पातळ थर, ज्यातून खालची तांबडी रेषा दिसत राहते. मग त्या त्या वस्तूचे रंग. त्यानंतर काळ्या-तपकिरी रंगाने बाह्यरेषा पुन्हा ठाशीव करणे, आणि सर्वांत शेवटी, लागलीच तर, थोडी छाया. गंमत अशी की, मानवी अंगकांतीच्या खाली हिरव्या मातीचा हात द्यावा असे चेन्निनीनेही आपल्या पोथीत सांगितले आहे. एक इटलीतला कारागीर, एक त्याच्या हजार वर्षे आधीचा वाकाटककालीन दख्खनी कारागीर. दोघांच्याही कामाची जाण असलेली नजर अजिंठ्याच्या भिंतीपुढे उभी राहिली, हा भाग्ययोगच म्हणावयाचा.

बाई एकट्या नव्हत्या. इंग्लंडहून आलेल्या डोरोथी लार्चर त्यांच्या मदतीस होत्या. भगिनी निवेदितांच्या आग्रहाने अवनींद्रनाथ टागोरांनी आपले विद्यार्थी कलकत्त्याहून पाठविले. नंदलाल बोस, असितकुमार हळदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि आपल्या कर्नाटकाला ज्यांचा अभिमान वाटावा ते म्हैसूरचे के. वेंकटप्पा. हैदराबादहून सय्यद अहमद व मोहम्मद फजलुद्दीन हे दोघे आले. एक इंग्रज स्त्री, बंगाली तरुण, एक कन्नड, दोन दख्खनी मुसलमान, आणि मशाली धरणारे, मचाणी बांधणारे अजिंठा-फर्दापूरचे मराठी गावकरी. या सर्वांची एकमेकांशी बोलण्याची भाषा एक असणे शक्य नव्हते. समोरची रेषा मात्र एकच होती. अनेक भाषांच्या सीमेवर नांदणाऱ्या आपल्यासारख्यांना हे दृश्य परके वाटू नये.

पहिल्या हिवाळ्यात निवेदिता स्वतः जगदीशचंद्र बोस पतिपत्नींसह तेथे येऊन गेल्या. १९१० च्या अखेरीस चित्रकार विल्यम रोथेन्स्टाइन आले. बाई गुहेत रेषा उतरवीत होत्या, त्या सुमारास लंडनमध्ये वेगळेच नाट्य घडत होते. १९१० च्या जानेवारीत रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सच्या सभेत सर जॉर्ज बर्डवुड यांनी हिंदुस्थानात ललित कला नाहीच असे प्रतिपादन केले आणि बुद्धाच्या एका ध्यानस्थ मूर्तीची तुलना चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली. हे बर्डवुड साहेब जन्माने आपल्या बेळगावचे, १८३२ चे, आणि मुंबईत आयुष्याची पुष्कळ वर्षे घालविलेले. या भूमीवर जन्मूनही त्यांना जे दिसले नाही, ते केंटच्या बाईला मशालीच्या उजेडात दिसले. बर्डवुड यांच्या उद्गारांचा निषेध करणारे तेरा कलावंत-रसिकांचे पत्र 'टाइम्स' पत्रात त्याच फेब्रुवारीत छापून आले, आणि त्या वर्षी लंडनला 'इंडिया सोसायटी' स्थापन झाली. तिच्या स्थापनेत हॅवेल, कुमारस्वामी, रोथेन्स्टाइन यांच्याबरोबर हेरिंगहॅमबाईंचाही वाटा होता. सभेतल्या वादाला पत्राने उत्तर मिळाले, पण खरे उत्तर अजिंठ्याच्या घळीत कागदावर तयार होत होते.

१९११ मध्ये काम आटोपून बाई मायदेशी परतल्या आणि येथून हकीकत काळोखात शिरते. आपला कोणी पाठलाग करीत आहे, गुहांत शिरून आपण कोणाचा तरी अपराध केला आणि त्याची शिक्षा द्यायला ती माणसे आली आहेत, असे भास त्यांना होऊ लागले. त्याच वर्षी त्यांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. त्यानंतरची अठरा वर्षे, १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी तशाच ठिकाणी काढली. त्यांच्या दोन मुलांपैकी थोरला लहानपणीच गेला होता. धाकटा १९१४ मध्ये महायुद्धाच्या पहिल्याच शरदात रणांगणावर पडला.

गुहेच्या शापाची कथा रचणे येथे फार सोपे आहे, आणि पूर्वेकडच्या गूढाची आवड असलेल्या युरोपाला ती मानवतेही. आम्ही तसे करणार नाही. पोटच्या मुलाचा मृत्यू, आयुष्यभराची राबणूक, स्वतः उभारलेल्या संस्थेत मिळालेली उपेक्षा, आणि उतारवयातील दोन हिवाळ्यांचे ते कष्ट. एवढे ओझे ज्या मनाने वाहिले, त्याच्या थकण्यासाठी शापाची आवश्यकता नसते. मात्र त्या भासातही एक गोष्ट आमच्या काळजाला भिडते. डॉ. बर्ड मस्तके सोलून घेऊन गेले, त्यांना असा कोणताही भास झाल्याचे ऐकिवात नाही. भिंतीला न दुखविता केवळ रेषा उतरवून नेणाऱ्या बाईला मात्र आपण परक्या देवघरात पाऊल टाकले याची टोचणी लागली.

त्यांच्या चरित्रकार मेरी लेगो यांनी असे सुचविले आहे की, ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या १९२४ च्या कादंबरीतील मिसेस मूर या वृद्धेच्या पाठीमागे हेरिंगहॅमबाईंची छाया असावी. गुहेत शिरून मनाने खचलेली ती वृद्धा वाचकांना आठवेल. फॉर्स्टर हे रोथेन्स्टाइन यांच्या परिचयातले, तेव्हा हा तर्क अगदीच निराधार नव्हे. आणि ही कादंबरी पुरी करण्यापूर्वी फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरली पाती येथे तुकोजीराव पवार महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून राहिले होते. घराबाहेर पडून दूर मुलखात रुजलेल्या मराठी घराण्यांपैकीच ते एक. असे धागे शोधू गेले तर कुठून कुठे पोचतात!

नकलांचे पुस्तक १९१५ मध्ये इंडिया सोसायटीतर्फे निघाले. त्याच्या मुखपृष्ठावर 'लेडी हेरिंगहॅम व त्यांचे साहाय्यक' यांनी केलेल्या नकला, असे म्हटले आहे. पतीला १९१४ मध्ये सर ही पदवी मिळाली, म्हणून बाई लेडी झाल्या. अजिंठ्यात मचाणीवर चढणारी बाई नुसती मिसेस हेरिंगहॅम होती. लेडी म्हणून ज्या दिवशी तिचे नाव छापले गेले, त्या दिवशी ती रुग्णालयाच्या भिंतींआड होती. आणि ज्यांना मुखपृष्ठावर 'साहाय्यक' या एका शब्दात गुंडाळले गेले, त्यांतील मंडळींनी पुढे काय केले तेही पाहावे. असितकुमार हळदार यांनी अजिंठ्यावर बंगालीत पुस्तक लिहिले. वेंकटप्पा बंगळूरच्या कलाजीवनाचे भूषण ठरले, त्यांच्या नावाचे कलादालन तेथे आहे. सरकारी कामाने राजधानीत गेलो की आम्ही त्या दालनात डोकावून येत असू. नंदलाल बोस शांतिनिकेतनचे आचार्य झाले. भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पाने त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी सजविली. ज्या संविधानाची शपथ घेऊन आम्ही आयुष्यभर नोकरी केली, त्याच्या पानांवरील रेषेला वळण लावणाऱ्या अनुभवांत अजिंठ्याचा तो हिवाळा आहे, हे आम्हांस निवृत्तीनंतर कळले. नक्कल करता करता हात अस्सल होतो, याहून दुसरा पुरावा कोणता हवा?

अजिंठ्यावरील आस्था त्यानंतर वाढतच गेली. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. १९२० नंतर त्यांनी इटलीहून तज्ज्ञ बोलावून सुटू लागलेला गिलावा भिंतीला पक्का करविला. औंधचे राजे बाळासाहेब पंत प्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. त्यांनीही अजिंठ्याचा ध्यास घेतला आणि १९३२ मध्ये त्यावर सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. यझदानींचे अजिंठ्यावरील खंड १९३० ते १९५५ या काळात निघाले. आणि याच यझदानींनी १९४७ मध्ये आपल्या बिदरवरचा बृहद्ग्रंथ सिद्ध केला. १ नोव्हेंबर १९५६ ला अजिंठा मुंबई राज्यात गेला आणि बिदर म्हैसूर राज्यात राहिले, परंतु त्यापूर्वी दोन्ही ठिकाणची दप्तरे एकाच सरकारच्या कपाटात होती. त्यामुळे अजिंठा आम्हांस कधीच परराज्यातला वाटला नाही.

या ग्रंथाची पाने चाळताना मनात येते ते असे की, चित्रांच्या भिंती काही अजिंठ्यातच नाहीत. बिदरलगतच्या अष्टूरला अहमदशहा वली बहमनीची १४३६ ची कबर आहे. उरुसाला तेथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात, लिंगायत मंडळी त्याला अल्लमप्रभूच मानतात. आपल्यापैकी अनेकांनी तेथे माथा टेकला असेल, पण मान वर करून घुमटाच्या आतले सोनेरी-शेंदरी वेलबुट्टीचे काम किती जणांनी निरखले? मदरशाच्या निळ्या फरश्या तर दरवर्षी ऊन-पाऊस खातच आहेत. आणि त्याहून जवळचे सांगावयाचे तर ते आमच्या स्वतःच्या घरातले आहे.

निर्ण्यातील आमच्या जुन्या वाड्याच्या माजघरात देवघराच्या कमानीभोवती भिंतीवर चित्रे होती. मध्ये गजलक्ष्मी, दोहों बाजूंस दशावतार, खाली केळीचे खांब. कोण्या फिरत्या चिताऱ्याने आमच्या पणजोबांच्या काळी काढलेली. धुपाच्या धुराने ती काळवंडली होती, कूर्मावताराचा अर्धा भाग गिलाव्यासकट गळून गेला होता, नृसिंहाचे डोळे तेवढे अंधारात चमकत. आजी दर दिवाळीला कोरड्या फडक्याने हलकेच ती भिंत पुसायची, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा आजी राहिली नव्हती. पाहुणे येणार, भिंती कशा लख्ख दिसल्या पाहिजेत, म्हणून चुना लावण्याचे ठरले. मजुराने हातात कुंचला घेऊन विचारले, "साहेब, इथलं बी मारू का?" त्या वेळी आम्ही पंचविशीचे, नुकतेच नोकरीला लागलेले. दप्तरखान्यात दुसऱ्यांच्या सातबाऱ्याच्या नकला अक्षर न् अक्षर ताडून पाहणारे आम्ही, घाईघाईत म्हणालो, "मार." दोन हातांत दहा अवतार पांढरे झाले. कोणी छायाचित्र घेतले नव्हते, कोणी साधी रेषाही उतरवून ठेवली नव्हती. आज त्या चित्राची एकच नक्कल शिल्लक आहे, ती आमच्या डोक्यात, आणि तिची रुजवात घेण्यास अस्सल उरलेले नाही. बहीण म्हणते वराह डावीकडे होता, आम्ही म्हणतो उजवीकडे.

हेरिंगहॅमबाईंच्या चरित्राकडे आम्ही ओढले गेलो ते बहुधा या अपराधापायी. त्यांच्या काही चित्रांचा व नकलांचा संग्रह त्यांच्या पतीने लंडनच्या बेडफर्ड महाविद्यालयाला दिला, तो आता रॉयल हॉलोवे येथे जपलेला आहे. अजिंठ्याचे अस्सल आज शंभर वर्षांनी अधिक फिकट झाले आहे. १९१० मध्ये कोणती रेषा शिल्लक होती आणि कोणती नंतर गेली, हे ठरविताना अभ्यासकाला ग्रिफिथ्स, हेरिंगहॅम आणि यझदानी यांच्या नकला शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. म्हणजे ज्या नकलेला आपण दुय्यम समजतो, तिच्याशीच आता अस्सलाची रुजवात घेतली जाते. बाईंच्या अठरा वर्षांच्या एकांतवासाचे मोल याने भरून येत नाही. मात्र त्यांचे दोन हिवाळे वाया गेले नाहीत, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर मोडीतली वतनाची कागदपत्रे असतील, कोणाच्या घरी प्रभूंच्या पदांचे हातचे बाड असेल, कोणाच्या ओसरीवर एखादा अर्धवट हत्ती अजून भिंतीला धरून असेल. मुलेबाळे पुण्या-हैदराबादेस गेली आहेत, वाडे विकले जात आहेत. कुंचला घेतलेला माणूस कधी तरी दारात उभा राहील आणि तोच प्रश्न विचारील. त्याला उत्तर देण्याआधी एक नक्कल करून ठेवावी. हाती मोबाइल आहे, त्याने छायाचित्र घ्यावे. ज्याचा हात वळत असेल त्याने रेषा उतरवावी, ज्याला मोडी येत असेल त्याने बाळबोधीत लिहून काढावे. आणि जे उतरविले त्याच्या तळाशी, दप्तरखान्याच्या रीतीप्रमाणे, नक्कल कोणी केली व रुजवात कोणी घेतली ती दोन्ही नावे आणि तारीख अवश्य लिहावी. ते नाव घरातल्या सुनेचे वा नातीचे असेल, तर तेही पूर्ण लिहावे, 'साहाय्यक' म्हणून नव्हे.